छाट

शाखा बंद झाली त्या सोमवारी
सातगोंडा मुकादमानं वजनकाटा नेला, वह्या नेल्या,
पंख्याची पातीसुद्धा उतरवली.
पिंजरा तेवढा राहिला खिळ्याला.

आत हा.
छातीवर पीस नाही, राखट कातडी, कोंडा सुटलेला,
आणि एका पायावर उभा.
दुसरा पोटाशी धरलेला,
उसना आणलेला असावा तसा, जपून.

मला बघून म्हणाला, छाट.

अकरा वर्षं हेच ऐकलं मी याच्याकडून.
हजारातल्या पन्नास-साठ बिड्या मुकादम मोडायचा,
ही सैल, ही बारीक, हिचं पान फाटकं,
आणि हा वरून, मुकादमाच्याच घोगऱ्या आवाजात,
छाट, छाट.
बायका हसायच्या. मीही हसायची.
हसूनही पैसे साठ बिड्यांनी कमीच यायचे.

घरी आणला.
जावेनं विचारलं कशाला,
तिला सांगितलं, पिंजरा चांगला आहे.

निपाणीच्या जनावरांच्या दवाखान्यात म्हशींची रांग.
डॉक्टर अंकलगी म्हैसवाल्याशी कानडीत बोलले,
माझ्याशी मराठीत,
पोपटाशी दोन्हीत.
पाय उलटा केला. तळव्यावर वाटाण्याएवढं काळं कुरूप,
भोवती लाल सूज.
"दांडी कसली होती? लोखंडी? एकसारखी गुळगुळीत?
तुम्ही अकरा वर्षं एकाच पायरीवर उभ्या राहिलात तर?"

मग माझे हात बघितले.
पेरं, नखांखालचा तपकिरी रंग.
वास घेतला नाही, घ्यायची गरज नव्हती.
"तंबाखू. आधी मुकादमाच्या हातची, आता तुमच्या.
हातावरून दांडीला, दांडीवरून पायाला,
पाय चुरचुरला की हा चोचीनं टोकरणार,
तीच चोच मग पिसांत.
कै तोळीरि, अक्का."

म्हटलं, धुते की रोज.
म्हणाले, धुता. जेवायला.

तेव्हापासून असं:
सूप मांडीवरून उतरवायचं, जर्दा झाकायचा,
साडी बदलायची,
रिठा, मग लिंबाची साल, मग साबण,
कोपरापर्यंत.
तरी नखाच्या कडेला राहतोच.
आईच्या नखात राहिला होता,
तिला आंघोळ घालून तिरडीवर ठेवली तेव्हासुद्धा.

कोमट पाणी, चिमूट मीठ, पाच मिनिटं पाय.
पहिल्या दिवशी माझ्या अंगठ्याचा तुकडाच काढला यानं.
पेरूच्या फांद्या लावल्या, एक जाड एक बारीक,
सुती चिंधी गुंडाळून.
शेंगदाणे बंद. शेवग्याचा पाला, गाजर,
गाजर रागानं खाली टाकतो, मी परत ठेवते.
मलम तिळाएवढंच, चाटेल म्हणून.
पट्टीला गुलाबी दोरा, बिडीचाच,
पण नवं रीळ, जर्द्याला न शिवलेलं.
दोन वेढे घेऊन टोक आत खुपसायचं,
हे मला अंधारातही येतं.

बत्तीस वर्षं मी एका कुशीवर बसते,
डावा गुडघा मोडून, पाठ भिंतीला.
माझा पाय कुणी उलटा करून बघितलेला नाही.
रात्री खोकला येतो, सकाळी जातो.
असो. आज कट्टे चाळीस बांधायचेत.

दिवाळी झाली. छातीवर काटे आलेत,
मटकीला मोड यावेत तसे, हिरव्या टोकांचे.
दोन्ही पायांवर उभा राहतो आता,
दुखरा जरा उशिरा टेकवतो.
वनखात्याचा माणूस येऊन बघणार आहे,
उडेल का, सोडता येईल का.
मी त्याला खोलीची खिडकी दाखवणार आहे,
बाकी काही बोलणार नाही.

काल धुतलेला ओला हात आत धरला.
आला. एक पाय, मग दुसरा, हलका, गरम.
माझी बोटं एकेक करून चोचीनं तपासली,
टोकाकडून, मुठीकडून,
घाई नाही, मुकादमासारखी.
करंगळीशी थांबला.
मान तिरकी केली.

छाट.

उठले. परत धुतले.